ताईच्या आईची बस

लंडनच्या दक्षिणेकडे क्रॉयडनला ट्रामच्या रुळांलगत एक बसकी विटांची इमारत होती. खाली पडद्यांचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक किटली आणि एक रेडिएटर. तो एकतर थंडगार असायचा, नाहीतर भाजून काढायचा. आमची संस्था आता बंद झाली, इमारतीत फ्लॅट झालेत म्हणे. मी बघायला गेले नाही. आयुष्यातली सगळ्यात आवडती नोकरी मी तिथे केली, आणि आवडत्या जागेचं लोकांनी काय करून ठेवलंय ते बघितलं की माझं डोकं फिरतं. म्हणून नाहीच जात.

मी राहते त्या लंडनबाहेरच्या स्लाऊच्या मराठी मंडळात ओळख करून देताना माझी पंचाईत व्हायची. तिथे प्रत्येकाचं काम एका शब्दात मावायचं. कुणी जावा, कुणी टेस्टिंग, कुणी पेमेंट्स. मी म्हणायचे, ‘पब्लिक पॉलिसी ॲनालिसिस.’ समोरचा ‘अरे वा’ म्हणायचा आणि लगेच मुलीची शाळा कुठली ते विचारायचा. नवरा कंटाळून म्हणायचा, ‘अगं, कन्सल्टिंग म्हण ना सरळ. कशाला लोकांना कोड्यात टाकतेस?’ मुलगी तेव्हा ईयर फोरमध्ये होती. तिने तिच्या टीचरला सांगितलं होतं की माझी मम्मी दुसऱ्या देशातल्या लोकांना फोन करून विचारते, तुम्हाला काय पाहिजे. इतकं नेमकं वर्णन आमच्या संस्थेच्या वेबसाइटवरही नव्हतं.

तो दुसरा देश म्हणजे मोल्डोव्हा. रोमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये चेंगरून बसलेला, द्राक्षांचा आणि अक्रोडांचा चिमुकला देश. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा स्वतंत्र झालेला. नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाताना गाडीत मी तो मोबाइलवर नकाशात शोधून काढला होता. पुढे तिथल्या एका गावातल्या बसचं वेळापत्रक मला स्लाऊच्या बसपेक्षा जास्त पाठ झालं.

ऑफिसात कायमच्या आम्ही दोघीच. दुसरी मोल्डोव्हाची, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. उंच, खणखणीत आवाजाची, कुणी मूर्खासारखं बोललं की भुवया वर करून नुसती बघत राहणारी. इथल्या रीतीप्रमाणे मी तिला नावानेच हाक मारायचे, पण घरी तिच्याबद्दल सांगताना पहिल्याच आठवड्यात ती ‘ताई’ झाली. इथेही ताईच लिहिते. नाव लिहीत नाही, कुणाचंच. आमच्या कामाने ती सवय लावली, कशी ते सांगतेच.

ताईच्या गावची नगरपालिका खर्च कमी करायला काही बस बंद करणार होती. लंडनमधल्या एका देणगीदार संस्थेने तिथे काम चालवलं होतं आणि अट घातली होती, निर्णय घ्यायचा तर आधी लोकांना विचारा. कसं विचारायचं, लोक काय म्हणाले ते नीट कसं मांडायचं, त्याचा अर्थ काय लावायचा, हे आमचं काम. ताई दुभाषी व्हायची, गावाशी बोलायची. मी ऐकलेलं सगळं उतरवून घ्यायचे, तक्ते करायचे, अहवाल लिहायचे. सगळं क्रॉयडनमध्ये बसून, स्क्रीनवर. गाव ताईचं आहे हे देणगीदार संस्थेला माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती, कारण तिथली भाषा आणि माणसं जाणणारं दुसरं कुणी आमच्याकडे नव्हतंच.

बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये एक सकाळची बस होती, गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी. ताईच्या आई त्याच बसने दर आठवड्याला हॉस्पिटलात जायच्या. हृदयाचं दुखणं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, त्यामुळे सारखं रक्त तपासायला लागायचं. नवरा केव्हाच गेलेला, मूल एकच, तेही क्रॉयडनला. बस गेली तर त्यांना गावात एकटं राहणं जमणार नव्हतं. मग एकच वाट उरत होती, लेकीकडे लंडनला यायचं.

आणि ताईला तेच हवं होतं. कितीतरी वर्षं ती आईला ‘ये’ म्हणत होती आणि आजी, मी त्यांना आजीच म्हणायचे, ‘बघू’ म्हणत होत्या. ताईच्या फ्लॅटमध्ये एक खोली नुसती आईसाठी ठेवलेली होती. पलंग, दिवा, आमच्या खालच्या दुकानातून शिवून घेतलेले पडदे. व्हिसाचं वकिलाने जमवून ठेवलं होतं. आमच्या खिडकीतून व्हिसा ऑफिसची इमारत दिसायची, तिकडे मगाने खूण करून ताई म्हणायची, ‘सगळं तयार आहे गं. फक्त तिने हो म्हणायला हवं.’

म्हणजे बस राहिली तर आजी गावात, बस गेली तर आजी क्रॉयडनला. आणि त्याच बसबद्दल गावाला मोकळेपणाने बोलतं करायचं काम ताईच्या गळ्यात. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

पहिली जनसुनावणी गावच्या सांस्कृतिक भवनात झाली. जुन्या काळातलं मोठं सभागृह, जड मखमली पडदा, करकरणाऱ्या लाकडी खुर्च्या. आम्ही क्रॉयडनहून बघत होतो. आमच्या शेजारी देणगीदार संस्थेचा प्रतिनिधी येऊन बसला होता, एक तरुण इंग्रज, फार सभ्य, दार उघडून धरून तुम्ही आत जाईपर्यंत बाहेर थांबणारा. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला. कुणाला काही बोलायचंय का, विचारलं. शांतता. मग ते म्हणाले, ‘प्रस्ताव ज्यांना मान्य आहे त्यांनी...’ आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सभागृहभर हात वर गेले. तिसऱ्या रांगेत डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या ताईच्या आई होत्या. त्यांचाही हात वर. स्वतःची बस बंद करायला.

‘एक्सलंट टर्नआउट,’ आमचा पाहुणा म्हणाला. ‘आणि पूर्ण एकमत!’

‘हे एकमत नाही,’ ताई म्हणाली. ‘ही हजेरी आहे.’

तो गेल्यावर तिने आईला फोन लावला. फोनमधून नुसता जाळ बाहेर पडत होता. ताई मधून मधून मला सांगत होती. महापौर गाढव आहे. त्याचा बापही गाढव होता, पण तो निदान पायी फिरायचा. याची बायको मोटारीतून भाजी आणायला जाते, तिला काय बस कळणार. शेवटी ताईने विचारलं, ‘मग हात कशाला वर केलास?’

‘मीटिंग होती ना,’ आजी म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या नागपूरच्या हाउसिंग सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची की नाही यावर सभा तहकूब व्हायची. मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला घेतला की पहिल्याच ओळीला चार जण उभे राहायचे. स्लाऊच्या मंडळात गणपतीला मोदक कुणाकडून मागवायचे यावरून दोन कुटुंबं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. विरोध केला नाही तर सभेला गेल्यासारखंच वाटत नाही अशा माणसांत मी वाढले. स्वतःचं नुकसान होताना गप्प बसून हात वर करणारी माणसं मला समजेनात. मला त्यांचा राग आला, आणि तसं मी ताईला बोलूनही दाखवलं.

ताई रागावली नाही. तिने किटली लावली आणि आईच्या फॅक्टरीबद्दल सांगितलं. आजी फळं आणि भाज्या डबाबंद करायच्या कारखान्यात होत्या. तिथे मीटिंग व्हायची तेव्हा ठराव वरून ठरूनच आलेला असायचा. हात लवकर वर केला की लवकर घरी जाता यायचं. न केला तर नाव लिहून घ्यायचे आणि मग त्या नावाचं पुढे काय होईल ते सांगता यायचं नाही. खरं काय ते बोलायचं घरी येऊन, स्वयंपाकघरात, दार लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून, ज्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे अशा माणसांत. ताई लहानपणी टेबलाखाली बसून ते ऐकायची. ‘मीटिंग ही सरकारची जागा,’ ती म्हणाली. ‘स्वयंपाकघर आमची.’

मी म्हटलं, ‘मग स्वयंपाकघरातच जाऊ या ना.’

मला आमचं हळदीकुंकू आठवलं होतं. स्लाऊला जानेवारीत कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की बसून सगळ्या जणी काय ते साडी छान आहे, चिवडा छान आहे एवढंच बोलतात. निघताना दारात कोट चढवून, हातात वाण घेऊन उभ्या राहतात, आणि तिथून पुढे अर्धा-पाऊण तास खऱ्या गोष्टी निघतात. सासूचं दुखणं, मुलाचं शाळेत रडणं, नवऱ्याची जाऊ घातलेली नोकरी. मी ताईला हे समजावून सांगितलं. कुंकू लावून दाखवायला पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं, त्यातली एक तिच्या कपाळाला लावली. ती दिवसभर तशीच बसली होती. ‘म्हणजे तुम्ही दारात बोलता,’ ती म्हणाली. ‘आम्ही बसून बोलतो, एवढाच फरक.’

त्यातून आमच्या बुधवारच्या बैठका सुरू झाल्या. बुधवारी गावातल्या बायका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायच्या, बहुतेक वेळा आजींच्याच. फोन चेरीच्या मुरांब्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला असायचा. एकच नियम, तो बायकांनीच घातला. नाव लिहायचं नाही. ‘मान्य,’ मी म्हटलं, आणि वहीत मी फक्त ‘खिडकीजवळची’, ‘खोकणारी’, ‘हसरी’ असं लिहायला लागले. अजूनही कुणाबद्दल लिहायचं म्हटलं की माझा हात नावाशी थांबतो.

ते बुधवार मला फार आठवतात. तिकडून अक्रोड फोडल्याचा आवाज यायचा, कुणीतरी कणीक मळत असायचं, कुणाचं तरी मांजर स्क्रीनवरून चालत जायचं. इकडे ताई घरून प्लाचिंता करून आणायची, चीज किंवा कोबी भरलेली मोठी गरम पोळी. मी थालीपीठं न्यायचे. रेडिएटरवर डबा ठेवला की दुपारपर्यंत गरम राहायचा, तेवढा एक उपयोग त्याचा होता. ताई एका कानाने ऐकत, एका हाताने खात, मला इंग्रजीत सांगत जायची आणि मी टाइप करायचे. आजी पदर खोचून बसलेल्या बाईसारख्या मध्यभागी असायच्या. कुणी जास्त लांबण लावली तर तिला कामाला लावायच्या, ‘बोलता बोलता हे बटाटे सोल.’

बसबद्दल मी तोपर्यंत प्रवासी, फेऱ्या, डिझेल एवढंच बघितलेलं. बायका वेगळंच सांगत होत्या. एकीची सून तिच्याशी घरात बोलत नव्हती, बसमध्ये शेजारी बसली की बोलायची. एकीचा मुलगा इटलीला होता, त्याने पाठवलेले पैसे जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळायचे, गावात बँक नव्हती. खोकणारी म्हणाली, ‘बस असली की मी सकाळी केस विंचरते.’ हे मी टाइप करून ठेवलं आणि बराच वेळ बघत बसले. असलं वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी खरं काम करतेय. संध्याकाळी दोन गाड्या बदलून स्लाऊला पोचायचे तेव्हा कंटाळा आलेला नसायचा.

आम्ही अहवाल केला. मला तो आवडला होता, आणि मला स्वतःचं काही सहसा आवडत नाही. आमचा सभ्य पाहुणा तो पूर्ण वाचून आला. प्रत्येक पानावर त्याने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. तो म्हणाला की हे फार सुंदर आहे. मग म्हणाला की हे वापरता येणार नाही. कायद्याप्रमाणे जनसुनावणीत उभं राहून, नाव-पत्ता सांगून जे बोललं जातं तेच नगरपालिका धरते. ‘खिडकीजवळची’ धरत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला म्हटलं, ‘त्यांनी सभेत हात वर केला ते खोटं होतं आणि नाव न सांगता बोलल्या ते खरं आहे, आणि तुम्हाला खोटं पाहिजे?’

‘मलाही खरं तेच पाहिजे,’ तो म्हणाला. ‘पण नावासकट. सॉरी.’ आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे त्याच्याशी धड भांडताही येईना. दुसरी सुनावणी घ्यायला त्याने नगरपालिकेला राजी केलं होतं, हेही त्याने जाताना सांगितलं.

त्या संध्याकाळी मी आणि ताई ट्रामच्या स्टॉपवर उभ्या होतो. एक ट्राम गेली, ती चढली नाही. म्हणाली, ‘तुला कळतंय ना? आता मी काहीच केलं नाही तरी चालेल. कोणी बोलणार नाही. सगळे हात वर करतील, बस जाईल, आणि ती माझ्याकडे येईल. मला फक्त गप्प बसायचंय.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मला ती हवी आहे गं,’ ती म्हणाली. ‘रोज कामावरून घरी गेल्यावर ती दार उघडायला हवी आहे. मी पन्नाशी उलटलेली बाई आहे आणि मला आई पाहिजे.’ ती रडत नव्हती. मला मात्र रडू आलं. माझी आई नागपूरला होती आणि मलाही ती रोज दारात हवी होती, पण हे मी कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचले तेव्हा ताई फोनवर होती. बुधवारच्या बायकांना एकेकीला फोन लावून ती सांगत होती, उभ्या राहा, नाव सांगा, जे स्वयंपाकघरात बोललात तेच बोला. आता कुणी काही करणार नाही, तो काळ गेला. बायका तिला ‘हो हो’ म्हणत होत्या, आणि ते ‘हो हो’ कसलं होतं ते तिला आणि एव्हाना मलाही कळत होतं. शेवटचा फोन आईला. तो सगळ्यात छोटा झाला. ‘काय म्हणाल्या?’ मी विचारलं. ताईने फोन टेबलावर ठेवला. ‘म्हणाली, माझ्यासारखीला कोण विचारतंय.’

दुसरी सुनावणी आमच्या भर दुपारी होती, तिकडे घड्याळ दोन तास पुढे. ताई सकाळपासून काळ्या चहावर होती. मी डबा उघडून समोर ठेवला तर तिने झाकण लावून परत दिला. पाहुणा वेळेच्या आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता, कोट मांडीवर घेऊन.

दुभाष्याच्या कामाचा एक नियम असतो. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘त्या असं म्हणतात’ नाही, आपलं स्वतःचं काही घालायचं नाही, गाळायचंही नाही. ताई त्यात फार कडक होती. एकदा एका वैतागलेल्या इंजिनिअरचं भाषांतर करताना ती खणखणीत आवाजात ‘मी मूर्ख आहे म्हणून या कामात पडलो’ म्हणाली होती आणि तिची पापणीही लवली नव्हती.

अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला. कुणाला काही बोलायचंय का, विचारलं. तीच शांतता. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुढचा कागद घेतला, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली खुर्ची करकरली. फुलाफुलांचा रुमाल उभा राहिला. कुणीतरी माइक नेऊन दिला. आजींनी आपलं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घर नंबर सांगितला. ताईने ते इंग्रजीत सांगितलं, आणि मग आजी बोलत गेल्या आणि ताई त्यांच्या मागोमाग.

‘मी दर आठवड्याला सकाळच्या बसने हॉस्पिटलात जाते. मागच्या वेळी मी हात वर केला होता. तो मी परत घेते. माझी एक मुलगी आहे, ती लंडनला असते. तिने माझ्यासाठी खोली तयार ठेवली आहे. पडदे लावले आहेत, मला फोटो पाठवला होता. बस बंद झाली तर मला तिच्याकडे जावं लागेल. मला जायचं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, मी बघू म्हणत राहिले. ती चांगली मुलगी आहे. पण माझा नवरा इथे टेकडीवरच्या दफनभूमीत आहे आणि माझी माणसं या खुर्च्यांवर बसली आहेत. तिकडे मी कुणाची कोण? मला माझ्या घरी मरायचंय, आणि तोपर्यंत मला बस पाहिजे.’

ताईचा आवाज कुठेही हलला नाही. फक्त ‘ती चांगली मुलगी आहे’ या वाक्याआधी तिने ग्लास उचलला आणि एक घोट पाणी प्यायली. मी टाइप करत होते, पण समोरची अक्षरं मला दिसत नव्हती. आमचा पाहुणा मान हलवत, मन लावून ऐकत होता. बोलणारी ताईची आई आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कुणी त्याला ते सांगितलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने गावातली एक म्हातारी धीटपणे बोलली होती.

आजी खाली बसायच्या आत खोकणारी उभी राहिली. मग हसरी. मग मी कधी आवाजही न ऐकलेले दोन पुरुष, आणि खिडकीजवळची. सगळ्यांनी नाव सांगितलं, सगळ्यांनी पत्ता सांगितला. ताई प्रत्येकाची ‘मी’ होत गेली.

बस राहिली. आजी पुढे कितीतरी वर्षं तिच्यातून हॉस्पिटलात गेल्या, आणि एका हिवाळ्यात आपल्या घरातच वारल्या, त्यांना हवं होतं तशा. ताई सुट्टी मिळाली की तिकडे जायची. इकडची ती खोली तिने कधी कुणाला दिली नाही. आमची संस्था बंद पडल्यावर ती क्रॉयडन सोडून मोल्डोव्हाला गेली, आईच्या घरातच राहते. मी स्लाऊच्या एका कंपनीत डेटाचं काम करते, मंडळात एका शब्दात मावेल असं. तिचा फोन येतो. त्या सुनावणीबद्दल आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

पण मला ती सभा संपतानाचीच आठवत राहते. अध्यक्षांनी सगळ्यांचे आभार मानले आणि विचारलं, गावातल्या कुणाला लंडनच्या मंडळींना काही विचारायचं आहे का. आजींनी पुन्हा माइक मागून घेतला. या वेळी उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच कॅमेऱ्याकडे बघितलं आणि काहीतरी इवलंसं विचारलं. ताई पहिल्यांदाच अडखळली. मग तिने मान वर केली आणि नियमाप्रमाणे, जसंच्या तसं, इंग्रजीत विचारलं, ‘हॅव यू ईटन?’

‘यू’मध्ये लेकही मावते आणि परकाही, आमच्या पाहुण्याला तो पाहुणचार वाटला. तो खुलला, कोट सावरत कॅमेऱ्याकडे वाकला आणि म्हणाला, ‘येस, थँक यू. आय हॅड अ सँडविच.’

ताईने ते आईला तिच्या भाषेत सांगितलं, नियमाप्रमाणे ‘मी’ म्हणूनच. मला त्यातला सँडविच हा एकच शब्द कळला. स्क्रीनवर आजींनी समाधानाने मान हलवली आणि माइक शेजारणीकडे दिला.